आर्वीच्या माळावरचे विक्रम साराभाई

नगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) कल्याणकडे निघालेली एस.टी. टाकळी ढोकेश्वर मागे टाकून पुढे गेली की पारनेर तालुक्याची हद्द संपत येते आणि पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका सुरू होतो. आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो. संगमनेरकडून येणारी मंडळीही बोटा ओलांडून याच फाट्यावर पोहोचतात. इथून पुण्याच्या दिशेने वळले की थोड्याच वेळात नारायणगाव लागते. टोमॅटोचा बाजार, द्राक्षांचे मळे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या सुपाऱ्या देण्यासाठी जमणारे गावोगावचे यात्रा पंच, ही या गावाची ठळक ओळख. याच नारायणगावच्या शेजारी आर्वी नावाचे एक लहान गाव आहे. वर्धा जिल्ह्यातली आर्वी ती वेगळी. या आर्वीच्या माळावरून १९७१ साली भारताने उपग्रहामार्फत परदेशांशी नियमित बोलायला सुरुवात केली. देशातले अशा प्रकारचे हे पहिलेच केंद्र होते.

या केंद्राला नाव मिळाले ‘विक्रम भू-केंद्र’. हा विक्रम कथेतला विक्रमादित्य नव्हे. हे नाव आहे डॉ. विक्रम साराभाई यांचे. १९७२च्या फेब्रुवारीत केंद्र देशाला अर्पण झाले तेव्हा त्यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्यासाठी अट्टाहास केला, तो सोहळा पाहायला ते राहिले नाहीत. आज आर्वीसारख्या केंद्रांची सद्दी सरली आहे. अशा वेळी या माणसाचे नेमके काय जपायचे, हा प्रश्न आपल्यासमोर येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी तो माणूस समजून घ्यायला हवा.

श्रीमंत घरातले साधे धडे

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल साराभाई हे शहरातले मोठे गिरणीमालक. आई सरलादेवी. आठ भावंडांच्या या घरात पैशाला तोटा नव्हता, पण घराचे वळण मात्र वेगळे होते. मुलांना नेहमीच्या शाळेत न घालता आईवडिलांनी घरातच शाळा काढली. मॅडम माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीचा सरलादेवींवर प्रभाव होता. भाषा, विज्ञान, संगीत, चित्रकला, बागकाम असे सगळे विषय तिथे होते. लहानग्या विक्रमला यंत्रांची ओढ आहे हे दिसताच घरी त्याच्यासाठी कार्यशाळाही उभी राहिली.

या घराची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विक्रम यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १९१८ साली, अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. गांधीजींनी त्यासाठी उपोषण केले. त्या संपात मालकांच्या बाजूचे प्रमुख होते अंबालाल आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला, आणि तरीही घर तुटले नाही. मतभेद असले तरी एका ताटात जेवता येते, हा धडा विक्रम यांना जणू पाळण्यातच मिळाला. पुढे कारखानदार, शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी आणि कलावंत अशा परस्परांशी न जुळणाऱ्या मंडळींना एका कामाला जुंपण्याची जी हातोटी त्यांच्यात दिसली, तिचे मूळ या घरात असावे.

गुजरात कॉलेजातून ते केंब्रिजला गेले. या घरी येणेजाणे असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्यांच्यासाठी शिफारसपत्र दिले होते. केंब्रिजची पदवी १९४० साली मिळाली, पण तोवर युरोपात महायुद्ध पेटले होते. विक्रम मायदेशी परतले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. होमी भाभाही त्या वेळी तिथेच होते. पुढच्या काळात देशाच्या विज्ञानाची दिशा ठरवणारी ही दोन माणसे युद्धामुळे एका आवारात आली होती.

बंगळूरलाच त्यांची मृणालिनी स्वामिनाथन या नृत्यांगनेशी ओळख झाली आणि १९४२ साली दोघांचे लग्न झाले. आझाद हिंद सेनेतल्या कॅप्टन लक्ष्मी या मृणालिनींच्या थोरल्या भगिनी. देशात ‘चले जाव’चे आंदोलन पेटले होते आणि साराभाई घराण्यातली माणसेही लढ्यात होती. विक्रम यांची वाट मात्र प्रयोगशाळेतून जाणारी होती.

आकाशातून येणारा पाऊस

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता विश्वकिरण. अवकाशातून पृथ्वीवर अतिसूक्ष्म कणांचा अखंड वर्षाव होत असतो. हा वर्षाव कधी वाढतो, कधी घटतो, सूर्यावरच्या घडामोडींचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हे विक्रम मोजत होते. त्यासाठी ते उपकरणे घेऊन काश्मीरच्या उंच पहाडातही गेले. याच विषयावर १९४७ साली केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली.

स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादेत त्यांनी फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली, तीही एका महाविद्यालयाच्या उसन्या खोल्यांतून. संस्थापकाचे वय होते २८. पहिले संचालक म्हणून त्यांनी हवामान खात्यात नाव कमावलेल्या के. आर. रामनाथन यांना आणले. स्वतः तरुण असताना वडीलधाऱ्या माणसाला वरच्या खुर्चीवर बसवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच सुमाराला कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी राहिली. १९४९ साली मृणालिनींबरोबर ‘दर्पण’ ही नृत्यसंस्था निघाली. १९६१ साली अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची स्थापना झाली, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. घरचे औषधांचे कारखाने ते सांभाळत होते ते वेगळेच.

१९६२ साली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. अग्निबाण सोडायला जागा हवी होती ती चुंबकीय विषुववृत्ताजवळ. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे त्यांचे सहकारी या शोधात होते. केरळच्या किनाऱ्यावर थुंबा या कोळ्यांच्या वस्तीची निवड झाली. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशपांनी आणि तिथल्या भाविकांनी आपले देऊळ विज्ञानासाठी दिले. चर्चमध्ये कचेरी आणि कार्यशाळा थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ला संध्याकाळी तिथून पहिला अग्निबाण उडाला आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग मावळतीच्या आकाशात पसरला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि सोडियमची सामग्री फ्रान्सची. आपले होते ते समुद्राकाठचे गाव आणि शिकायला उत्सुक असलेली पोरे.

या पोरांत मराठी नावे थोडी नव्हती. चिटणीस तर होतेच. पुण्याचे प्रमोद काळे होते. इंग्लंडातले काम सोडून वसंत गोवारीकर १९६७ साली थुंबाला आले आणि अग्निबाणाच्या घन इंधनाच्या मागे लागले. रामेश्वरमचा अब्दुल कलाम नावाचा तरुणही याच मेळाव्यात होता.

दौंडच्या खांबांपासून आर्वीच्या तबकडीपर्यंत

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. परदेशाशी बोलणे ही गोष्ट या भागाला अगदीच नवी नव्हती. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली. तिचे संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि संदेश झेलणारे केंद्र दौंडला. भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका, म्हणजे नगर जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच ते केंद्र होते. स्वातंत्र्याच्या वर्षी सरकारने ही सेवा आपल्या ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते स्थापन झाले.

या बिनतारी लघुलहरींची एक खोड होती. वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कणांचा एक पट्टा आहे. लघुलहरी त्याच्यावर आपटून परततात आणि म्हणून दूरवर पोहोचतात. पण सूर्यावर काही खळबळ झाली की हा पट्टा बिघडतो, आवाज विरतो आणि कधी कधी संपर्कच तुटतो. योगायोग असा, की सूर्याच्या या लहरीपणाचा अभ्यास हाच साराभाईंच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा गाभा होता. त्यावरचा उपायही आकाशातच होता, फक्त आणखी उंचावर.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर सोडलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच २४ तासांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे जमिनीवरून पाहिले तर तो एका जागी टांगल्यासारखा वाटतो. त्याच्याकडे संदेश पाठवायचा आणि त्याने तो दुसऱ्या देशाकडे उतरवायचा. त्याच्या लहरी त्या विद्युतभारित पट्ट्यातून आरपार जातात, म्हणून सूर्याचा त्रास फारसा होत नाही. अडचण एकच. इतक्या लांबून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. तो गोळा करायला फार मोठी तबकडी लागते आणि आसपास दुसऱ्या लहरींचा गोंगाट चालत नाही. त्यामुळे असे केंद्र शहरापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला असावे लागते. मुंबईच्या आवाक्यात, तरीही मुंबईच्या गोंगाटापासून लांब, अशी जागा आर्वीला मिळाली.

हिंदी महासागरावर असा उपग्रह १९६९ साली आला. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. जगातल्या कोट्यवधी लोकांनी तो क्षण टीव्हीवर पाहिला. आपल्याकडे टीव्ही होता तो फक्त दिल्लीत, आणि ते चित्र उतरवून घेणारे केंद्रही देशात तयार नव्हते. आपण ती बातमी रेडिओवर ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचली.

असे केंद्र बांधायचे तर सोपा मार्ग होता परदेशी कंपनीला ठेका देण्याचा. पैसे मोजायचे आणि किल्ली हातात घ्यायची. साराभाईंना तो मार्ग मान्य नव्हता. त्यांनी आधी, १९६७ साली, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अहमदाबादला एक प्रायोगिक भू-केंद्र उभारून घेतले होते. आपले अभियंते तिथे शिकत होते आणि इतर विकसनशील देशांतूनही माणसे शिकायला येत होती. विमान अपघातात भाभा गेल्यावर १९६६ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले होते. त्यामुळे तो अधिकारही हातात होता. आर्वीचे केंद्र आपल्या अभियंत्यांनी बांधावे, जे इथे बनत नाही तेवढेच बाहेरून आणावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि सरकारच्या गळी उतरवला.

यातली जोखीम लहान नव्हती. या माणसांनी एवढे मोठे केंद्र पूर्वी कधी बांधले नव्हते. सुमारे ३० मीटर व्यासाची, म्हणजे आठ-नऊ मजली घर आडवे मावेल अशी तबकडी उभी करायची. ती वाऱ्यापावसात हलता कामा नये आणि उपग्रहाच्या रोखाने मात्र केसभरही चुकता न वळली पाहिजे. काम फसले असते तर जगासमोर नाचक्की झाली असती आणि बोट साराभाईंकडेच गेले असते. काम फसले नाही. आर्वी उभे राहिले, आणि पुढे डेहराडूनजवळ दुसरे केंद्र उभारताना हाच अनुभव कामी आला.

माळाशेजारच्या शेतकऱ्याचा प्रश्न

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी. आर्वीची तबकडी लंडनशी बोलत होती, पण तिच्या शेजारच्या शेतकऱ्याला मुंबईला फोन लावायचा तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. केंद्राचा उपयोग मुंबईच्या व्यापाऱ्यांना, बँकांना, वृत्तसंस्थांना आणि ज्यांची मुले परदेशी होती त्या मोजक्या घरांना. गरीब देशाला असले चोचले कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

साराभाईंना हा प्रश्न ठाऊक होता. किंबहुना तो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला होता. त्यांचे खरे स्वप्न आर्वीच्या पलीकडचे होते. उपग्रहावरून थेट खेड्यातल्या टीव्हीवर शेतीची, आरोग्याची, शाळेची माहिती पोहोचवायची. शहरातून खेड्याकडे पायरीपायरीने उतरत येणारी वाट सोडायची आणि आरंभच सर्वांत लांबच्या गावापासून करायचा. १९६७ साली दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत टीव्ही संच ठेवून शेतीच्या कार्यक्रमांचा प्रयोग झाला, त्यामागे तेच होते. सप्टेंबर १९६९मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. त्यांचा उपग्रह एक वर्षासाठी मिळणार होता आणि कार्यक्रम व जमिनीवरची यंत्रणा आपली असणार होती.

तो प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत तो पोहोचला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण सीमेपलीकडचे विजापूर आणि गुलबर्गा होते. ज्या गावांत वर्तमानपत्रही जात नव्हते, तिथे संध्याकाळी चावडीसमोर माणसे टीव्ही पाहायला जमली. या प्रयोगाची धुरा एकनाथ चिटणिसांनी वाहिली. साराभाई तेव्हा नव्हते.

कोवळमची रात्र

१९६६नंतरची त्यांची पाच वर्षे म्हणजे अखंड धावपळ होती. मुंबईला अणुऊर्जा, अहमदाबादला प्रयोगशाळा, थुंबाला अग्निबाण, दिल्लीला सरकार. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली, तिचीही जबाबदारी त्यांच्यावर. विमानतळावर, गाडीत, जेवणाच्या टेबलावर बैठका चालत. कार्तिकेय आणि मल्लिका या मुलांच्या आणि मृणालिनींच्या वाट्याला त्यांचा वेळ कमी येत गेला. एका माणसाने इतकी कामे अंगावर घ्यावीत का, असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटे. प्रत्येक कामाला उद्याचा माणूस आज तयार करायचा, हे तत्त्व ते इतरांबाबत कसोशीने पाळत. स्वतःच्या शरीराला मात्र त्यांनी कधी सुटी दिली नाही.

डिसेंबर १९७१च्या अखेरीस ते थुंबाच्या कामासाठी केरळात गेले होते. मुक्काम कोवळमला, समुद्राकाठी. ३० डिसेंबरला सकाळी ते खोलीत मृतावस्थेत आढळले. झोपेतच त्यांचे निधन झाले होते. वय होते अवघे ५२. पहिला भारतीय उपग्रह ‘आर्यभट्ट’ त्यांनी पाहिला नाही, खेड्यातला टीव्ही पाहिला नाही, आर्वीवर लागलेले आपले नावही पाहिले नाही.

त्यांच्यामागे काम थांबले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. कलामांनी १९८० साली भारतीय अग्निबाणातून भारतीय उपग्रह अवकाशात पोहोचवला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जे यान अलगद उतरले, त्याचे नावही ‘विक्रम’च होते. त्याआधीचा ‘विक्रम’ २०१९ साली, साराभाईंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, उतरताना कोसळला होता. पडायचे, चूक शोधायची आणि पुन्हा उभे राहायचे, हीही त्यांचीच शिकवण.

जपायचे ते काय?

१९९०च्या दशकात मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालून काचतंतूंच्या केबली येऊन लागल्या. केसाएवढ्या तंतूतून हजारो संभाषणे जाऊ लागली. उपग्रहावरून बोलताना शब्द जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद लागे आणि दोघेही एकदम बोलू लागत, ती अडचणही गेली. ओव्हरसीज कम्युनिकेशन्सचे १९८६ साली विदेश संचार निगम झाले आणि २००२ साली ते टाटा समूहाकडे गेले. परदेशी फोनसाठी प्रचंड तबकड्यांची गरज जगभरच सरली.

अशा तबकड्यांचे पुढे काय होते? काही ठिकाणी भंगार होते. काही ठिकाणी लोक शहाणपणा दाखवतात. इंग्लंडमध्ये गूनहिली येथे १९६२ साली अटलांटिकपलीकडून टीव्हीचे चित्र झेलणारी तबकडी कायद्याने संरक्षित वास्तू म्हणून जपली आहे. न्यूझीलंडमध्ये वॉर्कवर्थला आणि आफ्रिकेत घानामध्ये कुंटुन्से येथे जुन्या तबकड्यांना रेडिओ दुर्बिणी करून नवे आयुष्य दिले गेले. आपल्याकडेही थुंबाचे ते चर्च आज अवकाश संग्रहालय म्हणून उभे आहे.

आर्वीच्या बाबतीत तर जागाच मोक्याची. जवळच खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, तिथे विद्यार्थ्यांची झुंबड उडते. पुणे, नाशिक, नगर जिल्ह्यांतून शाळांच्या गाड्या येतात. हा दिवस रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो, आणि त्या रामन यांच्या शिष्याच्या नावाचे केंद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गुरूच्या दिवशी आलेल्या मुलांना शिष्याची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा कुठे मिळेल?

पण नुसते लोखंड जपून भागणार नाही. केंद्र बांधताना काढलेले नकाशे, नोंदवह्या, छायाचित्रे जपायला हवीत. रात्रपाळीत उपग्रहाचा माग ठेवणारे तंत्रज्ञ, रखवालदार, तबकडी उभी राहताना पाहिलेले गावकरी, यांच्या आठवणी आता लिहून ठेवायला हव्यात. ही माणसे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत आणि त्यांच्याबरोबर जाणारी गोष्ट कुठल्याच संग्रहालयात पुन्हा मिळणार नाही. ते काम सरकारचीच वाट पाहत थांबावे असेही नाही. एखाद्या शाळेतल्या उत्साही सरांनी आणि त्यांच्या दहा मुलांनी मनावर घेतले तरी सुरुवात होईल.

साराभाईंनी आर्वीला जे केले ते थोडक्यात असे : ज्यांनी ते काम कधी केले नव्हते, अशा आपल्याच माणसांवर त्यांनी विश्वास टाकला. तबकडी गंजेल, उपग्रह विझतील, केबलीही एक दिवस जुन्या होतील. आळेफाट्यावरून वळणाऱ्या एखाद्या शाळेच्या गाडीतल्या मुलीला तो विश्वास आपल्यावरही टाकलेला आहे असे वाटले, तर आर्वीच्या माळावरचे नाव जपले गेले असे समजावे.